केक वेगळा, शिलाई वेगळी

नसीमभाभींना भाव विचारायचा तर आधी बसावं लागायचं. दारात उभं राहून "एक किलोचा केवढ्याला?" असं विचारणाऱ्याला त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. "या, बसा. पाणी घ्या," म्हणायच्या आणि तांब्या आणायला आत जायच्या. माणूस घाईत असो, गाडी चालू ठेवून आलेला असो, बसल्याशिवाय आकडा नाही. "उभ्या माणसाला भाव सांगितला की त्यो पाठ फिरवतोच, बाई," त्या मला म्हणायच्या. "बसलेल्याला उठायला जरा तरी लाज वाटती."

बसलेलेही उठून जायचेच, ते सोडा.

मी त्यांची शेजारीण. भूममध्ये आमच्या दोन घरांत मिळून एक भिंत. त्यांच्या ओव्हनमधला वास आधी माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि मग गल्लीत जायचा. मी ईटच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायला, म्हणून गल्ली मला बाई म्हणते, भाभीही बाईच म्हणायच्या. वयानं त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. तेवीस वर्षं शेजार केला आम्ही. इतक्या वर्षांत भांडण एकदाही झालं नाही, आणि त्याचं श्रेय मी उगाच निम्मं माझ्याकडं घेत आले.

अंगानं किरकोळ बाई. डोक्यावरची ओढणी कानामागं घट्ट खोचलेली, आणि गळ्यात शिंप्याची पिवळी टेप. केक करणाऱ्या बाईच्या गळ्यात टेप कशाला, असं नवीन माणसाला वाटायचं. पण भाभी आधी ब्लाउज शिवायच्या. नवरा रहीमभाई टेम्पो चालवायचे, ते अचानक गेले. त्यानंतर त्या मशिनवरच घर चाललं आणि लेक सना लातूरला नर्सिंग शिकली. आमच्या गल्लीत अशी एक बाई नव्हती जिच्या दंडाचं माप भाभींना तोंडपाठ नव्हतं. पुढं तयार ब्लाउज आले, भाभींच्या दारातली गर्दी पातळ झाली. मग लॉकडाऊन लागला, लग्नंच बंद, तर ब्लाउज कोण शिवणार? सना घरी अडकली होती. तिनं मोबाइलवर बघून आईला केक शिकवला. पहिला केक कुकरमध्ये मीठ पसरून झाला. एका बाजूनं जळालेला. परसातल्या भिंतीवरून मला दिला आणि विचारलं, "खाण्यासारखा हाय का?" मी जळकी बाजू सोडून सगळा खाल्ला.

वर्षभरात सगळ्या भूमला ठाऊक झालं, की नसीमभाभी घरी केक करतात आणि बेकरीच्या केकसारखं टाळूला डालडा चिकटत नाही.

पण हात शिंप्याचाच राहिला. केकचं त्या माप घ्यायच्या. आधी विचारायच्या, "पोरगं केवढं?" समोरचा म्हणायचा, तीन वर्षाचं. "वय न्हाय, उंची दाखवा." मग बापानं जमिनीपासून हात वर करून दाखवायचा, आणि त्या उठून त्या हाताला टेप लावायच्या. लोकांना गंमत वाटायची. भाभींचा हिशोब सरळ होता. केक टेबलावर ठेवला की पोराच्या नाकापेक्षा उंच जाता कामा नये, त्याला फुंकर मारता आली पाहिजे. "बापाला फोटोत मोठा केक पायजे असतो. फुंकर पोरानं मारायची असती, हे कुणाच्या ध्यानातच न्हाय," त्या म्हणायच्या. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना शंभरपैकी शंभर दिले असते. गिऱ्हाइकं मात्र फोटोतलाच मोठा केक मागायची, आणि दोन मजले कमी केले म्हणून पैसेही कमी करा म्हणायची.

भावाचंही तसंच शिंप्याचं. सना म्हणाली, अम्मी, वर 'डिझायनिंग चार्जेस' असं लावायचं, सगळे लावतात. भाभी म्हणाल्या, "त्ये कुणाला कळतंय? शिलाई म्हणायचं." आणि तेच ठरलं. किलोचा केक सातशे. त्यावर फुलं, झालर, गाडी, बाहुली जे काय असेल त्याची शिलाई वेगळी, तीनशेपासून पुढं. शिलाई म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला पटकन समजतं. कापडाचे पैसे वेगळे, हाताचे वेगळे, यात वाद घालायला जागा नसते. असं आम्हा तिघींना वाटलं होतं. आम्हा तिघी म्हणजे भाभी, सना आणि मी, तीन शहाण्या.

ईटचे एक पालक होते, माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील. घरची खव्याची भट्टी, दावणीला म्हशी. मुलीच्या वाढदिवसाला केक हवा म्हणाले, तर मीच भाभींचं नाव सांगितलं, आणि जाता जाता समजावूनही सांगितलं, की त्यांच्याकडं केक वेगळा, शिलाई वेगळी. दुसऱ्या दिवशी हा माणूस स्टीलच्या डब्यात चार किलो खवा, पिशवीत साखर आणि मैद्याचा पुडा घेऊन भाभींच्या दारात. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "कापड आमचं हाय, भाभी. शिलाई तेवढी सांगा."

मी तिथंच होते. भाभींनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्या माणसाचं काय चुकलं हो? आपण जन्मभर शिंप्याकडं कापड घेऊनच जातो. भाभींना नाही म्हणता येईना, कारण नियम त्यांचाच होता. तीनशे रुपये शिलाईत त्यांनी खव्याचा केक करायला घेतला. दिवस एप्रिलचे, पंख्याखाली उभं राहिलं तरी पाठ भिजत होती. खव्यानं तूप सोडलं. वरची गुलाबं खाली सरकायला लागली. भाभी एक गुलाब वर बसवायच्या तोवर दुसरं खाली यायचं. शेवटी सगळी फुलं पायथ्याशी गोळा केली आणि म्हणाल्या, "झाडाखाली पडल्यात म्हणून सांगू."

न्यायला आला तेव्हा त्या गृहस्थानं पिशवीतून खव्याचा वजनकाटा काढला. केक तोलला. अर्धा किलो कमी भरतंय म्हणाला. भाभी शांतपणे म्हणाल्या, "कापड आटलं, भाऊ. पाण्यातनं काढल्यावर आटतंच."

तो खो खो हसला. मीही हसले. आणि हसता हसताच त्यानं शिलाईतले शंभर कमी दिले. हे मला कधी पचलं नाही. भाभी माणसाला हसवायच्या, आणि माणूस त्या हसण्याचाच फायदा घ्यायचा. मनात म्हटलं, पुढच्या घटक चाचणीला ह्याच्या लेकीचे मी असेच हसत दोन मार्क कापते. कापले नाहीत अर्थात. पोरीनं केकचा एक तुकडा डब्यात घालून माझ्यासाठी शाळेत आणला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. भाभी मनगट चोळत होत्या. म्हणाल्या, "बाई, एक सांगू? इतकी वर्षं ब्लाउज शिवले, आता ह्ये केक. एका बी माणसानं म्या सांगितलेला भाव जसाच्या तसा दिला न्हाय. धा रुपये तरी तोडणारच. म्या वाढवून सांगितलं तर चाललं असतं, सगळेच सांगत्यात. पन मला त्ये जमत न्हाय. जेवढं हाय तेवढंच तोंडातनं येतंय."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. एकदा कुणीतरी म्हणावं, बरं भाभी, आन् द्यावं. पैशासाठी न्हाय. आपल्या हाताचं मोल आपुन बोललो आन् समोरच्यानं ऐकलं, एवढंच. एकदा ऐकलं ना कुणी, की म्या ही टेप खुंटीला टांगीन बघा." गळ्यातल्या टेपचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं.

मी म्हटलं, मग तुम्हाला काय जन्मभर टेप उतरवायला मिळत नाही. मला ती चेष्टा वाटली होती.

एकदा मात्र टेप उतरता उतरता राहिली. तेरखेड्याचं एक कुटुंब आलं. फटाक्यांचा घरचा धंदा. नातीचा पहिला वाढदिवस, आणि आजोबांची हौस अशी, की केक आपल्या धंद्याला शोभला पाहिजे. अनार, भुईचक्र, रॉकेट, लवंगी माळ, सगळं केकवर हवं. भाभींनी सांगितलं, केक दोन किलोचा, चौदाशे. शिलाई हजार. आजोबा बसले, पाणी प्याले आणि "बरं" म्हणून उठले.

भाभींनी त्या केकला तीन दिवस घातले. फटाके वळायचा साखरेच्या पिठाचा तो घट्ट गोळा मळायला फार ताकद लागते, चपातीच्या कणकेसारखं ते काम नव्हे. बोटाच्या पेराएवढी एकेक लवंगी त्यांनी वळली, प्रत्येकीला वात लावली. भुईचक्राचे वेटोळे असे घातले होते, की आता पेटवावं आणि पळावं. त्याच तीन दिवसांत त्यांचं मनगट सुजलं. पण केक नेला त्या दिवशी दुपारी त्या धावत माझ्याकडं आल्या. मी शाळेतून येऊन चहा टाकला होता. "बाई, दिले. जसेच्या तसे दिले. चोवीसशे." भाभींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना खुर्ची दिली, चहात साखर जास्त घातली. म्हटलं, आता टेप? म्हणाल्या, "उद्या सकाळी. आजचा दिवस राहू द्या गळ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबांचा मुलगा अर्धा केक डब्यात घालून दारात. त्यांनी काय केलं होतं, तर केकच्या मधोमध खराखुरा अनार रोवून पेटवला होता. घरचाच अनार, चांगला पुरुषभर उंच उडालेला. क्रीम काळं पडलेलं, वर राखेचा थर. "केकला वास येतोय," तो म्हणाला.

"बत्ती तुमीच लावली ना, भाऊ?" भाभी म्हणाल्या.

"बत्ती तर लावणारच, आमचा धंदाच त्यो हाय. केक टिकाया नको का?"

भाभींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पाचशे रुपये परत केले. तो गेल्यावर डब्यातलं साखरेचं भुईचक्र उचललं, वरची राख फुंकून टाकली आणि खिडकीत ठेवलं. मुंग्या लागेपर्यंत ते तिथंच होतं. टेपचं मी विचारलं नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगत बसले तर रात्र पुरायची नाही. कुणी फोनवर फोटो पाठवायचे, परदेशातला पाच मजली केक, आणि खाली लिहायचे, सेम असाच, अर्धा किलोत बसवा. कुणी केक नेतानाच म्हणायचे, मामा आलेच नाहीत, माणसं कमी झाली, पैसे पण कमी करा. चौदा एप्रिलला आमच्या लोकांचा मोठा निळा केक भाभींकडंच असायचा. निळ्या रंगानं त्यांचे हात चार-चार दिवस निळे राहायचे, आणि आमची पोरं म्हणायची, वर्गणीचा आहे भाभी, जरा सांभाळून घ्या. सांभाळून घ्यायच्या. ईदेच्या वेळी त्यांचे नातलग म्हणायचे, घरच्यांकडून कसली शिलाई. त्यांचंही सांभाळून घ्यायच्या. या एका बाबतीत भूममध्ये जातपात काही नव्हती बघा.

मनगट काही बरं होईना. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस दबली आहे, मळणं-पिळणं बंद करा. क्रीमची पिशवी पिळल्याशिवाय केकवर फूल उमटत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार? सना फोनवर रागवायची. "अम्मी, एक तर भाव वाढव आणि त्याच्यावर ठाम राहा. निम्मे केक कर, पण पुऱ्या पैशात कर. नाहीतर बंद कर आणि लातूरला ये." भाभींना लातूरला जायचं नव्हतं. इथं त्यांना सगळं भूम ओळखत होतं, लातूरला त्या सनाची आई म्हणून एका खोलीत बसणार. त्या मला म्हणाल्या, "तिकडं मला कोन इचारनार, भाभी, पोरगं एवढं हाय, केक केवढा घेऊ?" म्हणजे आता प्रश्न केकचा राहिला नव्हता. भावावर ठाम राहता आलं तर भूम, नाहीतर लातूर, असं ते सरळ होतं.

मग पाटी करायचं ठरलं. पाटी मी रंगवली. माझ्या अक्षराचा मला थोडा गर्व आहे, शाळेतले सगळे फलक मीच लिहायचे. प्लायवुडच्या तुकड्यावर निळ्या रंगात लिहिलं: 'भाव ठरलेला आहे. कमी होणार नाही.' खाली भाभींनी आणखी एक ओळ लिहायला लावली: 'शिलाई वेगळी.' बसायच्या खुर्चीच्या बरोबर समोर ती लावली. पाणी पिताना माणसाची नजर तिच्यावरच जायला पाहिजे होती.

गेली की. माणसं पाटी मोठ्यानं वाचायची, अक्षर सुबक आहे म्हणायची आणि भाभींकडं वळून विचारायची, "त्ये बाहेरच्यांना. आपलं काय ते सांगा." तेव्हा मला समजलं, की आमच्या भूममध्ये बाहेरचं कुणी राहतच नाही. एका साहेबांची बायको तिमजली केकसाठी आली. भाभींनी आकडा सांगितला आणि सुजलेल्या हातानं पाटी दाखवली. ती म्हणाली, "वाचली मी. म्हणूनच विचारतेय." भाभी गप्प राहिल्या. पहिल्यांदाच गप्प राहिल्या. ती उठली आणि बार्शीच्या बेकरीत ऑर्डर देऊन आली. त्या दिवशी मला वाटलं, जिंकली बाई. आणि पुढचं गिऱ्हाईक आलं, तर भाभींनी आकडा सांगितला आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "शंभर कमी द्या." थकल्या होत्या. ठाम राहायलाही अंगात बळ लागतं.

आता माझं.

मी कधी भाभींशी घासाघीस केली नाही. माझ्या मनात हे अगदी पक्कं होतं, आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवताना माझा आवाज त्याच जोरावर वर जायचा. माझ्या मुलाचे वाढदिवस, यांचा वाढदिवस, भाच्याचा साखरपुडा, सगळे केक भाभींचे. मी फक्त म्हणायचे, "आपल्यातलं काय ते बघा." आणि त्या म्हणायच्या, केकचे द्या. मी केकचे द्यायचे. याला घासाघीस म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सना दोन दिवसांसाठी आली होती, भांडी घासता घासता सहज म्हणाली, "मावशी, अम्मीनं तुमच्याकडून शिलाई कधीच घेतली नाही ना?" तिच्या मनात काही नव्हतं. तिला वाटलं, आईचा किती जीव आहे शेजारणीवर. मी मात्र मनात हिशोब मांडला. सगळ्या भूमनं शिलाईतले शंभर-दोनशे कापले होते, मी सगळीच्या सगळी घेऊन बसले होते.

त्या वर्षी माझी सेवानिवृत्ती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठरला. शाळेच्या सगळ्या पोरांना पुरेल एवढा केक करायचा मी ठरवलं, सहा किलोचा, भाभींचा. आणि मनाशी ठरवलं, त्या सांगतील तो भाव. वर एक शब्द नाही. पाकिटात पाच हजार घातले आणि भिंतीवरून न ओरडता, पुढच्या दारानं, गिऱ्हाईक म्हणून गेले.

"या, बसा. पाणी घ्या," भाभी म्हणाल्या. मला हसू आलं. बसले. पाणी प्याले. समोर माझीच पाटी.

"पोरं केवढी?" त्यांनी विचारलं. मी हातानं पहिलीच्या पोराची उंची दाखवली, मग चौथीच्या पोराची. त्यांनी उठून दोन्हीला टेप लावली. उजव्या मनगटाला पट्टी होती, टेप डाव्या हातात. "बेताचा उंच करते. पसरट. समद्यांना दिसला पायजे." मग बसल्या आणि म्हणाल्या, "केक बेचाळीसशे. शिलाई आठशे."

अगदी पाच हजार. मी पर्सची चेन उघडली. पाकिटाला हात लागला. आणि माझ्या तोंडातून गेलं, "जरा बघा की, भाभी. आपल्यातलं."

शपथेवर सांगते, मला म्हणायचं नव्हतं. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीपासून साडीपर्यंत जन्मभर जे तोंड तेच म्हणत आलं, ते माझं ठरवणं-बिरवणं काही ऐकून घेत नाही. शब्द गेला आणि माझ्या कानांनी तो ऐकला.

भाभींनी टेप बोटाला गुंडाळली. सोडली. "बरं," म्हणाल्या. "शिलाई राहू द्या."

"नाही नाही नाही, चुकून बोलले," मी पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "सगळे घ्या. मी सगळे द्यायलाच आले होते. शपथ." त्यांनी पाकिटातून आठशे काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि डाव्या हातानं माझी मूठ मिटली. त्यांची स्वतःची उजवी मिटत नव्हती. "आता भाव झाला, बाई. झालेला भाव मोडत न्हायीत."

मी रडले. त्यांनी मला आणखी पाणी दिलं.

केक केला त्यांनी. वर शाळा होती, कौलं मोजावीत अशी. पुढं झेंड्याचा खांब, आणि एक काळा फळा, त्यावर पांढऱ्या क्रीमनं 'बाई' एवढंच लिहिलेलं. ते लिहिताना मी दारातून बघितलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं आणि जीभ दातात. शाळेत पोरांनी पहिल्यांदा फळाच मागितला. खव्याच्या भट्टीचे ते पालकही आले होते. केक खाऊन म्हणाले, "लई भारी. केवढ्याला पडला?" मी सांगितलं, पाच हजार. "लई झाले की, बाई," ते म्हणाले. खोटं बोलून एवढं गप्प बसायची माझी पहिलीच वेळ.

तो भाभींचा शेवटचा केक. त्यानंतर हातानं ऐकलंच नाही. आठशे रुपये द्यायचा मी दोनदा प्रयत्न केला, एकदा मिठाईच्या डब्यात घालून. डबा खाऊन रिकामा परत आला, आत आठशे तसेच.

जूनमध्ये सना गाडी घेऊन आली. शिलाई मशीन आधीच गल्लीतल्या एका मुलीला देऊन टाकलं होतं. ओव्हन, डबे, साचे गाडीत मागं गेले. केक फिरवायची थाळी तेवढी भाभींनी मांडीवर घेतली. वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरचं बेअरिंग बसवून घेतलेली ती थाळी, चांगली चार किलोची. सना म्हणाली, अम्मी, मागं ठेव. त्या म्हणाल्या, राहू दे.

मी गाडीच्या खिडकीशी उभी होते. म्हटलं, लातूरला पोचल्यावर फोन करा. त्यांनी पायापाशी ठेवलेली पाटी उचलून माझ्या हातात दिली. "तुमचं अक्षर लई सुबक हाय, बाई. टाकून द्यायला जीव झाला न्हाय. तुमच्याकडंच ठेवा." त्यात टोमणा नव्हता. मी त्यांना तेवीस वर्षं ओळखते, टोमणा असता तर मला कळला असता, आणि बरंही वाटलं असतं.

गाडी सुरू झाली. वळणावर त्यांनी मागं बघून डावा हात हलवला. मी हात हलवायला गेले, तर हातात पाटी. भाभींच्या काळ्या बुरख्यावर पिवळी टेप लांबूनही दिसत होती. गळ्यातच होती.